ट्रंकेतला लाल तारा: तुर्की पदक हातात आलं तर काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याकडच्या एका वाचकाला जुनं घर उतरवताना माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली. तिच्यात पणजोबांच्या वस्तू होत्या. लाल रंगाचा पाच टोकांचा तारा, मधोमध चंद्रकोर आणि तिच्यात अरबी वळणाची नक्षी. चांद-तारा असलेली तीन पितळी बटणं. आणि एक काळपट गोल पदक, त्याच्या कडेवर इंग्रजीत पणजोबांचं नाव आणि ११० मराठा पलटणीचा उल्लेख. घरातली आठवण अशी की पणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते आणि त्यांचं शौर्य पाहून तुर्कांनीच त्यांना तो तारा दिला. एका व्यापाऱ्याने मोबाइलवरचा फोटो पाहून तासाभरात पैसे देऊ केले. तारा खरा आहे का, गोष्ट खरी आहे का, साफ कसा करायचा आणि विकायचा का, असे चार प्रश्न.

साफसफाईपासून सुरू करतो, कारण उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं दोन दिवस थांबू शकतात, पण घरातलं कोणीतरी आज संध्याकाळीच चिंच-मीठ घेऊन बसेल. बसू देऊ नका. देव्हाऱ्यातली निरांजनं घासतो तसं पदक घासायचं नसतं. या ताऱ्यावर निकेलचा मुलामा असतो, तोही पातळ. तो उंचवट्यांवर झिजून खालचं पितळ डोकावतं आणि खाचांमध्ये काळा मळ बसतो. ही झीज आणि हा मळ म्हणजे वस्तूच्या वयाचा पुरावा. एकदा लखलखीत केलं की खऱ्या आणि खोट्या ताऱ्यातला निम्मा फरक तुम्ही स्वतःच पुसून टाकलात. मऊ, कोरड्या सुती कापडाने धूळ टिपा, बस्स. बटणांवर हिरवट बुरा आला असेल तर लाकडी दातकोरणीने हलकेच काढा.

आता तारा. वर्णनावरून हे तुर्कांचं पहिल्या महायुद्धातलं 'हार्प मादाल्यासी', म्हणजे सरळ अर्थाने 'युद्धपदक'. सुलतान पाचवा मेहमेद रेशाद याने ते १ मार्च १९१५ रोजी सुरू केलं. इंग्रज त्याला 'गॅलिपोली स्टार' म्हणू लागले आणि बाजारात तेच नाव रूढ झालं. जर्मन त्याला 'लोखंडी चंद्रकोर' म्हणत. दोन्ही नावं फसवी आहेत. पदक फक्त गॅलिपोलीसाठी नव्हतं, कॉकेशसपासून मेसोपोटेमियापर्यंत, म्हणजे आजच्या इराकपर्यंत, सगळ्या आघाड्यांवर दिलं गेलं. आणि त्यात लोखंड शोधू नका, ते नाव जर्मनांनी आपल्या 'लोखंडी क्रॉस'वरून पाडलं. तारा छातीवर पिनने लावत आणि रोजच्या वापरात कोटाच्या बटणाच्या काजातून नुसती फीत ओवत. लढणाऱ्यांची फीत लाल, कडेच्या बाजूंना पांढरे पट्टे. न लढणाऱ्यांची याच्या उलट, पांढरी जमीन आणि लाल पट्टे. फितीवर कधी कधी एक आडवी पट्टी असते आणि तिच्यावर 'चनाक्कले' वगैरे आघाडीचं नाव जुन्या तुर्की लिपीत. गॅलिपोलीच्या लढाईला तुर्क चनाक्कले म्हणतात.

या ताऱ्याचे मुख्य दोन प्रकार भेटतात. एक सरकारने वाटलेला. किंचित फुगीर, निकेलचा मुलामा, लाल रंग साधासुधा, मागची पिन ओबडधोबड. दुसरा जर्मन बनावटीचा. तुर्की सैन्यासोबत हजारो जर्मन होते. त्यांच्यापैकी ज्यांना हे पदक मिळालं त्यांना मूळचा गबाळा वाटायचा, म्हणून ते घरी गेल्यावर आपल्या सोनाराकडून चांदीचा, खऱ्या काचमिन्याचा, रेखीव तारा करून घ्यायचे. अशा ताऱ्यांच्या मागे कधी कधी कारखान्याची अक्षरं ठोकलेली असतात. यामुळे नवखा संग्राहक हमखास उलटं करतो. देखणा तारा खरा आणि गबाळा खोटा समजतो. शिपायाच्या छातीवर जो होता तो गबाळाच होता.

माझाही पहिला तारा असाच आला, मात्र फसवणूक वेगळी होती. इस्तंबूलच्या झाकलेल्या बाजारात एका दुकानी मी बसलो, कंबरेत बारीक असलेल्या काचेच्या ग्लासातून चहा आला, मग दुसरा आला, आणि दुकानदाराने मखमलीत गुंडाळलेला तारा काढला. आजोबांचा म्हणाला. मी घासाघीस केली, मला वाटलं जिंकलो. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीत एका टपरीवर तसेच सहा तारे टांगलेले दिसले. भिंग काढून पाहिलं तर सहाही ताऱ्यांच्या एकाच टोकाला, एकाच जागी, तांदळाच्या कणीएवढी खोट होती. खिशातला माझा तारा काढला. त्यालाही तीच कणी, तिथेच. कोणत्या तरी एका खऱ्या ताऱ्याला कधीतरी मार लागला असणार, त्याचा साचा काढला गेला आणि तो मार प्रत्येक पिल्लात उतरला. तेव्हापासून मी वस्तू आवडली की आधी तिच्या खोटी मोजतो. मग त्याच खोटी दुसरीकडे कुठे दिसतात का ते पाहतो.

तुमच्या ताऱ्यासाठी भिंग घ्या, घड्याळजींकडे असतं तसं दहापट दाखवणारं. कडांवर बारीक फोडासारखे ठिपके दिसले तर वस्तू साच्यात ओतलेली आहे. ठशाने उठवलेल्या वस्तूच्या रेषा धारदार असतात, ओतलेल्याच्या साबणासारख्या गुळगुळीत. लाल रंग नखाला प्लास्टिकसारखा लागतो का पाहा. फीत असेल तर अंधारात नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरा. जुना रेशीम-सुती धागा मिणमिणता राहतो, आजचा कृत्रिम धागा बहुतेक वेळा झगमगतो. फीत नवी आणि तारा जुना असं असू शकतं, तेव्हा यावरून ताऱ्याला शिक्षा करू नका.

आता अक्षरं. चंद्रकोरीतली नक्षी म्हणजे तुघ्रा, सुलतानाची सही. मुघली फर्मानाच्या डोक्यावर पाहिला असेल तो याचाच भाऊबंद. उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या, तुघ्र्याची ठेवण ठरलेली असते. खाली अक्षरांचा गठ्ठा, त्यातून वर गेलेल्या तीन उभ्या काठ्या, काठ्यांवरून वाऱ्यावर उडाल्यासारख्या खाली आलेल्या तीन बटा, डावीकडे एकात एक दोन मोठे अंडाकृती वळसे आणि त्यांच्या टोकांचा उजवीकडे गेलेला खंजीर. नक्कल करणाऱ्याला ही अक्षरं वाचता येत नाहीत, तो ती वेलबुट्टी समजून काढतो. त्यामुळे काठ्या तीनच्या चार होतात, वळसे खालच्या गठ्ठ्याला जोडलेलेच नसतात. तुम्हालाही वाचता येत नसेल तरी इतकं मोजता येईल.

कोणत्या सुलतानाचा तुघ्रा हे ओळखणं जरा अवघड. शेवटच्या सहा सुलतानांपैकी चौघे, पाचवा मुराद, दुसरा अब्दुल हमीद, पाचवा मेहमेद आणि सहावा मेहमेद, हे सावत्र भाऊ, सगळे अब्दुल मजीदचे मुलगे. बापाचं नाव चौघांच्या सहीत तेच. म्हणून उजव्या खांद्याशी लिहिलेली छोटी पदवी पाहायची. पाचव्या मेहमेदच्या नाण्यांवर आधी तिथे 'रेशाद' येतं आणि १९१५ च्या सुमारापासून 'अल-गाझी', म्हणजे विजयी वीर. युद्धपदकावर 'अल-गाझी' हवं.

त्याखाली साल असेल: १३३३. अरबी आकड्यांत एक म्हणजे उभी रेघ, तीन म्हणजे वर दाते असलेली काठी, तेव्हा एक रेघ आणि तीन दातेरी काठ्या दिसतील. आणि इथे एक गंमत आहे जी मराठी माणसाला इतर कोणाहीपेक्षा लवकर कळेल. उस्मानी राज्यात दोन सनं चालत. एक हिजरी, चांद्र. दुसरी 'माली' किंवा 'रूमी', सौर, १८४० पासून. माली म्हणजे वसुलीची. चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी सरकतं आणि शेतसारा तर पीक आल्यावरच भरायचा, म्हणून वसुलीपुरतं हिजरी सन सूर्याला बांधून टाकलं. आपला फसली सन याच कारणाने जन्मला. ज्यांनी जुन्या कागदांत शुहूर, फसली आणि शक यांचा मेळ घालताना जंत्री झिजवली आहे त्यांना तुर्की पदकं वाचायला जड जाणार नाहीत.

फरक असा पडतो. १३३३ हिजरी म्हणजे १९१४ च्या नोव्हेंबरपासून १९१५ च्या नोव्हेंबरपर्यंत. १३३३ माली म्हणजे १९१७. पदकावरचं साल हिजरी आहे, स्थापनेचं. पण त्याच शिपायाच्या कागदावर १३३३ दिसलं तर ते माली असण्याचा संभव जास्त आणि मग दोन वर्षांची चूक होते. माली सालात ५८४ मिळवा, इसवी सन येतं. हिजरीला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, जवळपास येतं.

सालावरून आठवलं. 'सातशे वर्षांपूर्वीचं तुर्की पदक' अशी एक वस्तू मला दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी दाखवतं. ती उस्मानिये. सात टोकं, हिरवा मिना, सुलतान अब्दुल अझीझने १८६२ मध्ये सुरू केलेला निशाण, म्हणजे मानाचा किताब. त्याच्या मागच्या बाजूला ६९९ असा आकडा आहे. ते उस्मानी घराण्याच्या राज्यस्थापनेचं हिजरी साल, इसवी १२९९-१३००. आपल्याकडे आजच्या एखाद्या पदकावर १६७४ कोरलं म्हणून ते शिवकालीन होत नाही. तसंच 'मेजिदिये' निशाणावर १२६८ असतं, ते त्याच्या स्थापनेचं, १८५१ चं. पुढे सत्तर वर्षं हा निशाण दिला गेला, आकडा तोच राहिला. तुर्की वस्तूवरचं साल हे क्वचितच ती वस्तू दिल्याचं साल असतं.

आता तुमच्या घरातल्या गोष्टीकडे येतो. लिहिताना हात जड होतोय, पण विचारलंत म्हणून सांगतो. तुर्कांनी शत्रूच्या शिपायाला हे पदक दिलं, हे मी मानत नाही. हे पदक सुलतानाच्या बाजूने लढलेल्यांचं होतं. मग तारा ट्रंकेत आला कसा? याचं उत्तर पणजोबांच्या पलटणीत आहे, आणि ते उत्तर तुमच्या गोष्टीपेक्षा कमी नाही.

११० मराठा ही पलटण सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होती. याच डिव्हिजनमध्ये १०३ आणि ११७ मराठाही होत्या. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही फौज तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने गेली, तिथून मागे रेटली गेली आणि कुत-अल-अमारा या गावात कोंडली गेली. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, कित्येकांना रास-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं. शरणागती घेणारा हलील पाशा. पुढे १९३४ मध्ये तुर्कस्तानात प्रत्येकाने आडनाव घ्यायचा कायदा झाला तेव्हा त्याने 'कुत' हेच आडनाव घेतलं. तुर्कांच्या बाजूचा जुना जर्मन सेनापती फॉन डर गोल्ट्झ मात्र शरणागतीच्या दहा दिवस आधी बगदादमध्ये टायफसने गेला.

तेव्हा पहिलं पाहायचं ते हे की पणजोबा कुतमध्ये सापडले होते, की नंतर भरतीत आलेल्या तुकडीसोबत गेले. सापडून जिवंत परतले असतील तर तारा कैदेतल्या किंवा सुटकेनंतरच्या दिवसांतला असू शकतो. नंतर गेले असतील तर ११ मार्च १९१७ ला बगदाद पडल्यावर किंवा १९१८ च्या ऑक्टोबरअखेर शर्कातजवळ तुर्की फौज शरण आली तेव्हा हाती लागलेल्या सामानातला असू शकतो. किंवा बगदादच्या बाजारात सरळ विकत घेतलेला. सैनिक खुणेच्या वस्तू आणतातच. जिंकलेल्याच्या ट्रंकेत हरलेल्याचं पदक आणि हरलेल्याच्या ट्रंकेत जिंकलेल्याचं, दोन्ही मी पाहिलं आहे. 'तुर्काचा तारा' हे दोन पिढ्यांत 'तुर्काने दिलेला तारा' झालं असेल, षष्ठीची तृतीया व्हायला वेळ लागत नाही.

गोष्ट खोडू नका. घरातली जी वडीलधारी व्यक्ती ती सांगते तिच्याच शब्दांत लिहून काढा, खाली तारीख टाका आणि ट्रंकेच्या फोटोसोबत ठेवा. फक्त ती वस्तूच्या पावतीसारखी वापरू नका.

पणजोबांच्या शोधात खरा धागा तो काळपट गोल पदकाचाच आहे. पंखवाली देवी आणि मागे '१९१४-१९१९' असेल तर ते ब्राँझचं विजयपदक. त्याच्यासोबत एक चांदीचं ब्रिटिश युद्धपदक असायला हवं होतं. ते नसेल तर आश्चर्य वाटू देऊ नका. चांदी होती, दुष्काळ होते, लग्नं होती. महाराष्ट्रातल्या किती घरांतलं ते पदक सोनाराच्या मुशीत गेलं याची गणती नाही, ब्राँझला कोणी विचारलं नाही म्हणून ते उरलं. कडेवरची अक्षरं तिरक्या उजेडात वाचा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे आडनावाची स्पेलिंगं चार प्रकारे शोधावी लागतात आणि कधी आडनावाच्या जागी बापाचं नाव असतं. १९२२ च्या पुनर्रचनेत ११० मराठा ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली, तेव्हा पुढची चौकशी बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरकडे. गावात देऊळ, चावडी किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी असेल, 'या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले' अशी. अपशिंगे मिलिटरीची पाटी प्रसिद्ध आहे, पण तशा पाट्या साताऱ्यात आणि रत्नागिरीत इतरही गावांत आहेत, काही चुन्याखाली गेल्या आहेत.

बटणं तिन्ही तुर्की आहेत असं गृहीत धरू नका. चांद-तारा ही काही एकट्या तुर्कांची मिरास नव्हती. इजिप्तच्या सैन्याच्या बटणांवरही चांद-तारा आहे आणि ती बटणं बऱ्याचदा इंग्लंडमध्ये बनलेली. बटण उलटं करा. पाठीवर गोल फिरवून इंग्रजी कारखान्याचं नाव असेल तर ते तुर्की शिपायाच्या कोटावरचं नाही, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

असाच घोळ तुर्की टोपीचा. लाल, काळ्या गोंड्याची फेझ जुन्या वाड्यात सापडली की लोक मला तुर्की अधिकाऱ्याची टोपी म्हणून पाठवतात. आपल्याकडे शिकलेल्या मुसलमानांत ही टोपी एके काळी सर्रास होती, नावच 'तुर्की टोपी'. वर खिलाफत चळवळीची भर. तिची मध्यवर्ती समिती मुंबईची, भायखळ्याचं खिलाफत हाउस आजही उभं आहे. तेव्हाचे चंद्रकोरीचे बिल्ले फौजी बोधचिन्ह म्हणून विकले जातात. माझ्या मते खिलाफतीचा बिल्ला हा मुंबईच्या संग्राहकासाठी तुर्की बटणापेक्षा मोलाचा आहे, पण तो ओळखला तर.

तुर्की शिपायाने महायुद्धात घातली ती टोपी वेगळीच. तिला 'कबालाक' म्हणतात: कापड गुंडाळून केलेली, उन्हाच्या हेल्मेटसारखी दिसणारी. युद्धमंत्री एन्व्हर पाशाच्या नावावरून तिला 'एन्व्हरीये'ही म्हणत. अधिकारी बहुधा कल्पाक घालत, मेंढीच्या कातड्याची. फेझ त्याआधीची. १८२६ मध्ये जानिसारी ही सुलतानांची जुनी फौज मोडून काढल्यावर दुसऱ्या महमूदने नव्या फौजेच्या डोक्यावर ती चढवली आणि १९२५ च्या टोपी कायद्याने ती उतरली. गणवेशात मी फार पडत नाही. कापड कसर खाते, खरे कोट फार थोडे उरले आहेत, आणि बाजारात आलेल्या कबालाकांपैकी बहुतेक नाटक-सिनेमाच्या कपडेपटातल्या निघतात.

'तुर्की' म्हणून तुमच्या हाती आणखी दोन वस्तू येऊ शकतात. एक म्हणजे इजिप्तच्या खेदिवाचा, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याचा तारा. काळपट ब्राँझ, मध्ये स्फिंक्स आणि मागे पिरॅमिड. इंग्रजांच्या १८८२ च्या स्वारीत हिंदुस्थानी पलटणी मुंबईहून बोटीने गेल्या होत्या, त्यांतल्या शिपायांनाही तो मिळाला. खेदिव नावाला सुलतानाचा मांडलिक, पण तारा बनला बर्मिंगहॅममध्ये. दुसरी वस्तू तुर्कांचं क्रिमियाचं, म्हणजे रशियाविरुद्धच्या युद्धाचं पदक, १८५५ चं, हिजरी १२७१. सुलतानाने हे दोस्तांच्या सैनिकांना दिलं. त्याचे इंग्रज, फ्रेंच आणि सार्डिनियाचा (तेव्हाचं इटलीतलं राज्य) असे तीन प्रकार, फरक मागच्या अक्षरांत आणि झेंड्यांच्या क्रमात. इंग्रजांसाठीची पदकं घेऊन निघालेलं जहाज बुडालं, त्यामुळे इंग्रज शिपायांना हाताला लागेल तो प्रकार वाटला गेला. म्हणून इंग्रजाच्या पदकसंचात सार्डिनियाचा प्रकार दिसला तर त्याला जोडतोड म्हणू नका.

हे पदक मला वेगळ्या कारणाने अस्वस्थ करतं. त्यावर सरकारी नाव नसतं, पण काही जणांनी खासगीत कोरून घेतलं. त्यांत '८ हुसार' असं आलं तर थांबा. क्रिमियात बालाक्लाव्हाच्या त्या गाजलेल्या धावणीत असलेलं हेच रिसाल्याचं पथक पुढे हिंदुस्थानात आलं आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सरायला त्याच्याच धडकेत राणी लक्ष्मीबाई पडल्या. सुलतानाचा तुघ्रा असलेलं पदक मिळवलेले काही स्वार त्या दिवशी तिथे असणारच. असं एक पदक मी एकदा हातात घेतलं होतं. नाव मागाहून कोरलेलं वाटलं म्हणून परत केलं. आजही वाटतं, घ्यायला हवं होतं का?

तुर्की बाजूचा शोध घ्यायचा तर आधी मोडीची आठवण ठेवा. १९२८ मध्ये तुर्कस्तानने लिपी बदलली. आजच्या शिकलेल्या तुर्काला पणजोबांचं पत्र वाचता येत नाही, जसं आपल्याला पणजोबांचं मोडी खतपत्र वाचता येत नाही. म्हणून इस्तंबूलच्या दुकानदाराला वस्तूवर काय लिहिलंय हे खरंच ठाऊक नसतं. दुसरी अडचण नावांची. १९३४ पर्यंत आडनावं नव्हती, तेव्हा 'अमक्याचा मुलगा मेहमेद, अमुक गावचा' यापलीकडे नोंद जात नाही, आणि मेहमेद पायलीचे पन्नास. निशाणासोबत 'बेरात' म्हणजे सनद मिळे, डोक्यावर तुघ्रा असलेला मोठा कागद. बेरात सोबत असलेला निशाण आणि नसलेला निशाण यांत तेवढाच फरक, जेवढा सातबारा असलेल्या आणि नसलेल्या जमिनीत. मोठ्या निशाणांच्या मंजुरीचे हुकूम इस्तंबूलच्या उस्मानी दफ्तरात 'तल्तिफात' या सदरात मिळतात. महायुद्धातले फौजी कागद अंकाऱ्याला. साध्या शिपायाच्या युद्धपदकाचा मालक मात्र शोधू नका. त्यावर ना नाव ना नंबर, आयुष्य जाईल.

राहता राहिलं विकण्याचं. तासाभरात पैसे देऊ करणाऱ्या माणसाने तारा पाहिलाच नाही, फोटो पाहिला. त्याला तारा हवा नसून पणजोबांचं नाव असलेलं पदक आणि तारा असा जोड हवा असणार, कारण 'कुतचा मराठा सैनिक आणि त्याने आणलेलं तुर्की पदक' ही जोडी सुट्या वस्तूंपेक्षा कितीतरी महाग जाते. त्यामुळे एकच वस्तू देऊन दुसरी ठेवू, हा व्यवहार तुमच्या तोट्याचा. आणि कायदा ध्यानात घ्या. आपल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरते. १९१५ चा तारा कधीच त्या रेषेपलीकडे गेला. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. 'कुरिअरने लंडनला पाठवा, तिथे लिलाव करू' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. तुर्कस्तानातून जुनी वस्तू आणतानाही हीच भीती असते, दुकानदाराची पावती विमानतळावर पुरत नाही, तिथल्या संग्रहालयाचा कागद मागतात.

मी तुमच्या जागी असतो तर विकलं नसतं, पण मी संग्राहक आहे, माझं मत पक्षपाती धरा. तोवर तारा, बटणं आणि पदक वेगवेगळ्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, कोकणातून आलेल्या किती वस्तू पिशवीतल्या घामाने गेल्या. डांबराच्या गोळ्याही नकोत.

आणि नवे फोटो पाठवा. ताऱ्याची दर्शनी बाजू तुम्ही सहा वेळा काढली आहे, मागची एकदाही नाही. मला पिन पाहायची आहे, ती कशी जोडली आहे ते, आणि पाठीवर काही ठोकलंय का ते. गोल पदकाची कड चार तुकड्यांत काढा, खिडकीशी, सकाळच्या तिरक्या उन्हात, फ्लॅश न लावता. नंबरातला एखादा आकडा झिजला असेल तर तिथे पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा, लहानपणी नाण्यावर फिरवायचो तशी.